भाग ४७ : रंगूनची पत्रं, ल्यूथर राईस आणि १८२६ चा उन्हाळा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना जे चार वेळा बोललो ते इथे एकदाच ठेवलंय, आणि घाईत सुटलेल्या दोन-तीन तारखा जोडल्यात.

सुरुवात माझ्या आत्यापासून करतो. लग्न झालं आणि ती मस्कतला गेली. आजोबा दर वर्षी तिला दोन दिवाळी अंक पोस्टाने पाठवायचे, आणि ते तिच्या हातात पडायचे संक्रांतीच्या आसपास. एका वर्षी अंकात तिच्या आवडत्या लेखकाची मुलाखत होती. तिने ती दोनदा वाचली, त्यांना पत्र लिहायला घेतलं, आणि मग कुणीतरी सांगितलं की ते तर डिसेंबरातच गेले. आत्या म्हणते, "मला ते गेल्याचं नाही, मी महिनाभर त्यांना जिवंत धरून चालले होते याचं जास्त वाईट वाटलं."

हे वाक्य डोक्यात ठेवा. आजच्या गोष्टीतला माणूस जवळजवळ तेवीस वर्षं असाच जगला. लांबच्या देशातली पत्रं आणि नियतकालिकं वाचत, छापत, वाटत. आणि त्या देशात परत जाऊ म्हणत राहिला, पण गेला मात्र कधीच नाही.

त्याचं नाव ल्यूथर राईस. अमेरिकन, बाप्टिस्ट मिशनरी. आता तुम्ही म्हणाल, अमेरिकन मिशनऱ्याचं आपल्याला काय? थांबा जरा. हा माणूस मुंबईला येता येता राहिला.

सेलममधले पाच जण

६ फेब्रुवारी १८१२. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम नावाचं बंदर. तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. सगळे तिशीच्या आतले. नावं ऐका : अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राईस. अमेरिकेने आशियात पाठवलेली मिशनऱ्यांची ही पहिलीच तुकडी. पाठवणारी संस्था 'अमेरिकन बोर्ड', दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेली. राईसचं नाव यादीत शेवटच्या क्षणी आलं, तेसुद्धा 'तुझ्या खर्चाचे पैसे तूच उभे कर' या अटीवर. त्याने थोडक्या दिवसांत ते उभे केले. पैसे मागता येणं ही त्याची कला होती आणि तीच पुढे त्याच्या गळ्याशी आली.

जडसन आणि न्यूवेल बायकांसह 'कॅराव्हान' जहाजाने सेलमहून निघाले. हॉल, नॉट आणि राईस 'हार्मनी'ने फिलाडेल्फियाहून. दोन्ही जहाजं कलकत्त्याकडे.

आता यातले मुंबईला कोण पोचले? हॉल, नॉट, आणि थोड्या उशिराने न्यूवेल. पाचातले तीन. हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले, आणि आपण ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणतो ते तिथून सुरू झालं. पुढे 'ज्ञानोदय' निघाला तो याच मिशनचा, १८४२ मध्ये अहमदनगरहून. मुंबईतल्या त्यांच्या छापखान्याचं काम बघूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात कामाला होते. म्हणजे मराठी छपाईच्या इतिहासात या पाच जणांच्या बाकाचा एक पाय आहे.

मग राईसचं काय झालं? तो तर हॉल आणि नॉटच्याच जहाजावर होता!

कलकत्ता, आणि एक मतभेद

जडसनला माहीत होतं की कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला इंग्लंडचे बाप्टिस्ट मिशनरी आहेत, विल्यम केरी आणि मंडळी. हे तेच केरी, ज्यांनी पंडित वैद्यनाथांच्या मदतीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. बाप्टिस्ट लोकांचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा लहान बाळाला द्यायचा नाही. माणूस मोठा होऊन, समजून-उमजून विश्वास ठेवेल तेव्हाच द्यायचा, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. जडसन ज्या पंथाचा होता तिथे बाळांना बाप्तिस्मा द्यायचे. यांच्याशी वाद घालावा लागणार म्हणून जडसन चार महिने जहाजावर अभ्यास करत बसला, आणि अभ्यास करून करून स्वतःच पलीकडच्या बाजूला गेला! परीक्षेची तयारी करताना विरुद्ध पक्षाची उत्तरं पटावीत तसं.

६ सप्टेंबर १८१२ ला जडसन नवरा-बायकोने कलकत्त्यात बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. १ नोव्हेंबरला राईसने घेतला. दोघांनाही बाप्तिस्मा देणारा विल्यम वॉर्ड हा श्रीरामपूर छापखान्याचा प्रमुख. मिशनरी होण्याआधी इंग्लंडमध्ये तो वर्तमानपत्राचा संपादक होता.

इथे एक पेच पडला. ज्या अमेरिकन बोर्डाने पैसे देऊन पाठवलं ते बाप्टिस्ट नव्हतं. म्हणजे नोकरी गेली. आणि अमेरिकेतल्या बाप्टिस्टांकडे परदेशात मिशनरी पाठवणारी संस्थाच नव्हती. दोन माणसं, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, खिशात पैसे नाहीत, आणि ईस्ट इंडिया कंपनी म्हणतेय चालते व्हा.

कंपनीची गंमत सांगतो. कॅराव्हान कलकत्त्याला लागलं १७ जूनच्या सुमारास. १८ जूनला तिकडे अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. म्हणजे ही मंडळी हुगळीत नांगर टाकत असताना त्यांचा देश कंपनीच्या देशाचा शत्रू झाला होता आणि हे कलकत्त्यात कुणालाच माहीत नव्हतं. बातमी समुद्रात होती. या गोष्टीत असं पुन्हा होणार आहे.

हॉल आणि नॉट सटकून मुंबईला गेले. न्यूवेल आणि त्याची बायको हॅरिएट मॉरिशसला. ती तिथेच वारली, वय वर्षं एकोणीस. जडसन आणि राईसही मॉरिशसला गेले. तिथे ठरलं, की जडसनने पूर्वेत राहायचं आणि राईसने अमेरिकेत परत जाऊन तिथल्या बाप्टिस्टांना संघटित करायचं, पैसे उभे करायचे, आणि परत यायचं. राईसची तब्येतही ठीक नव्हती. मार्च १८१३ मध्ये तो निघाला, ब्राझीलमार्गे सप्टेंबरात न्यूयॉर्कला पोचला. जडसन जुलैमध्ये रंगूनला उतरला होता.

राईसच्या आधी अमेरिकेत पोचली होती ती पत्रं. जडसनने कलकत्त्याहून बोस्टनच्या टॉमस बाल्डविनला वगैरे लिहिलं होतं, की आम्ही आता तुमच्या पंथाचे झालोय, तुम्ही आमची जबाबदारी घ्याल का? हा बाल्डविन कोण? बोस्टनच्या बाप्टिस्ट मिशनरी मासिकाचा संपादक! १८०३ पासून ते मासिक चालू होतं. त्यामुळे राईस उतरला तेव्हा त्याला ओळख करून द्यावी लागली नाही. पोस्टाने ते काम आधीच केलं होतं.

एका कागदाची किंमत

इथे जरा टपालखात्यात शिरू. मला हा भाग फार आवडतो, सहन करा.

१८१६ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एक कागदी पत्र तीस मैलांपर्यंत न्यायला ६ सेंट, आणि चारशे मैलांच्या पुढे २५ सेंट. एक कागद म्हणजे खरोखर एक कागद. दोन कागद घातले की दुप्पट. म्हणून लोक एकाच कागदावर आधी आडवं लिहायचे, मग कागद फिरवून त्यावरच उभं लिहायचे. आणि हे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे! मजुराला दिवसाला एक डॉलरसुद्धा मिळायचा नाही, त्या काळातले हे २५ सेंट.

आता वर्तमानपत्र बघा. १७९२ च्या कायद्यापासून त्याला शंभर मैलांपर्यंत फक्त १ सेंट, त्यापुढे दीड सेंट. देशाच्या या टोकाहून त्या टोकाला न्या, दीड सेंटच. आणि यावर कडी म्हणजे एका संपादकाने दुसऱ्या संपादकाला पाठवलेला अंक पूर्ण फुकट. मग संपादक काय करायचे? आलेले अंक समोर ठेवायचे आणि कात्री घ्यायची. आज आपण फॉरवर्ड करतो, तेव्हा हे कापून छापायचे. कॉपीराइट वगैरे भानगड कुणी काढत नसे.

आता रंगूनचं पत्र कल्पनेत धरा. रंगूनहून अमेरिकेला थेट जहाज नाही. पत्र आधी कलकत्त्याला जायचं. तिथून अमेरिकेचं जहाज मिळेपर्यंत पडून राहायचं, नाहीतर लंडनमार्गे जायचं. नुसता कलकत्ता ते सेलम प्रवास चार महिन्यांचा. बोस्टनला पोचल्यावर ते मासिकात छापलं जायचं, तिथून दहा संपादक उचलायचे, आणि दीड सेंटात ते केंटकीतल्या लाकडी घरात पोचायचं. तिथे ते मोठ्याने वाचलं जायचं, कारण घरात वाचता येणारा एकच. अंक उलट दिशेनेही जायचे. महिनोन् महिने जुने झालेले अंक रंगूनला.

म्हणजे एक पत्र एका माणसासाठी महाग, आणि तेच छापलं की हजारांसाठी जवळजवळ फुकट. ही गोष्ट राईसला नीट कळली होती.

याचा पुरावा त्याने श्रीरामपूरला डोळ्यांनी पाहिला होता. तो बंगालमध्ये पोचला ऑगस्ट १८१२ मध्ये. त्याच वर्षी ११ मार्चला श्रीरामपूरचा छापखाना जळाला होता. टाईप, कागद, केरींची हस्तलिखितं, सगळं. ही बातमी इंग्लंडला सप्टेंबरात पोचली आणि दोनेक महिन्यांत नुकसान भरून निघेल एवढी वर्गणी जमली. कारण तिथे श्रीरामपूरची पत्रं वर्षानुवर्षं छापली जात होती. ज्या छापखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही तो लोकांना आपला वाटत होता.

घोडागाडीतलं ऑफिस

परत आल्यावर राईसने जे केलं ते कुणालाही दमवणारं आहे. १८ मे १८१४ ला फिलाडेल्फियात देशभरातल्या बाप्टिस्टांची परिषद भरली. दर तीन वर्षांनी भरायची म्हणून तिला त्रैवार्षिक परिषद म्हणत. जडसनचा खर्च तिने उचलला. राईसला सांगितलं, तू अजून थोडं थांब, फिर, पैसे जमव.

'अजून थोडं' म्हणजे काय ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

तो एका घोड्याच्या हलक्या गाडीतून गावोगाव फिरायला लागला. त्याच्या एका अहवालात वर्षाच्या आत ७,८०० मैल अशी नोंद आहे. रस्ते नव्हते, पूल नव्हते, नद्या पोहून. लग्न केलं नाही. सेलमला निघण्याआधी त्याचं जिच्याशी ठरलं होतं, तिने परदेशी यायला नकार दिला होता. घर नव्हतं. ऑफिस म्हणजे ती गाडी आणि त्यातली कागदपत्रांची पेटी.

१८१८ मध्ये त्याच्या पुढाकाराने फिलाडेल्फियाहून मासिक निघालं, 'लॅटर डे ल्युमिनरी'. १८२२ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून साप्ताहिक निघालं, 'कोलंबियन स्टार'. दोन्हींचा प्राण म्हणजे परदेशातून आलेली पत्रं : रंगूनहून जडसनची आणि त्याच्या बायकोची, श्रीरामपूरहून केरी-वॉर्डची. जून १८१९ मध्ये जडसनला पहिला ब्रह्मी अनुयायी मिळाला. सहा वर्षांत एक माणूस. आजच्या भाषेत भयंकर नंबर्स! पण कागदावर सहा वर्षं वाट पाहिलेल्या वाचकांना त्या एका माणसाचं नाव पाठ झालं.

मी धर्मप्रसाराची वकिली करत नाहीये, हे एकदा सांगून टाकतो. त्या पत्रांमध्ये ब्रह्मदेशाबद्दल, हिंदूंबद्दल, बौद्धांबद्दल जे लिहिलंय त्यातलं बरंच आज वाचवत नाही. आणि वाचकाने खिशात हात घालावा म्हणून समोरचा देश अंधारात बुडालेला दाखवायची सवय याच नियतकालिकांनी लावली. मला रस आहे तो या यंत्रणेत, आणि त्यात अडकलेल्या माणसात.

त्याच्या काळातही त्याला विरोध होता. केंटकीचा जुना जाणता धर्मोपदेशक जॉन टेलर याने १८२० च्या सुमारास मिशनविरोधी पुस्तिका लिहिली आणि त्यात राईसच्या पैसे मागण्यावर जोरदार कोरडे ओढले. लांबच्या देशाच्या गोष्टी सांगून गरीब शेतकऱ्याकडून पैसे काढायचे, हा धंदा आहे असा एकूण सूर. वाचताना मला टेलर चूक वाटला नाही. म्हणजे राईसच्या हेतूबद्दल चूक, पण सवयीबद्दल नाही.

कारण राईसच्या डोक्यात आता कॉलेज शिरलं होतं. मिशनरी पाठवायचे तर शिकलेले हवेत, म्हणून देशाच्या राजधानीत कॉलेज हवं. फेब्रुवारी १८२१ मध्ये कोलंबियन कॉलेजच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष मन्रो यांची सही झाली. हे कॉलेज म्हणजे आजची जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. मास्टर्सला तिकडे गेलेला एखादा मित्र तुमच्या ग्रुपवर असेल, तर त्याला हा भाग पाठवा.

कॉलेजवर कर्ज चढत गेलं. राईस हिशोब ठेवायचा तो बराचसा डोक्यात. मिशनचे पैसे, मासिकाची वर्गणी, कॉलेजची देणगी, सगळं एकाच पिशवीत. स्वतःसाठी त्याने काही ठेवलं नाही हे त्याचे शत्रूही मानायचे. मला हा माणूस मनापासून आवडतो, पण आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स मी त्याच्या हातात दिला नसता.

अ‍ॅन येते

१८२२ च्या सप्टेंबरात जडसनची बायको अ‍ॅन आजारपणामुळे एकटीच अमेरिकेला आली. नऊ-दहा वर्षं जी छापील पानांवर भेटायची ती बाई आता समोर होती. तिने रंगूनच्या कामाचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिला. तो १८२३ साली वॉशिंग्टनला छापला जॉन मीहनने. कोलंबियन स्टारचा प्रकाशक तोच. (हाच मीहन पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ग्रंथपाल झाला.) अ‍ॅन त्याच वर्षी परत निघाली. राईस गेला नाही. कॉलेजची इमारत अर्धवट, देणेकरी दारात. जाणार कसा?

डिसेंबर १८२३ मध्ये अ‍ॅन रंगूनला पोचली. नवरा-बायको राजधानी आवाला गेले. आवा म्हणजे आपल्याला लोकमान्यांमुळे माहीत असलेल्या मंडालेच्या अगदी जवळ.

आणि पत्रं थांबली.

१८२६ चा उन्हाळा

१८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेशाचं पहिलं युद्ध पेटलं. ८ जूनला जडसनला इंग्रजांचा हेर समजून पकडलं आणि बेड्या घालून तुरुंगात टाकलं. अ‍ॅन तुरुंगाबाहेर अन्न पोचवत राहिली, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. त्यातच तिला मुलगी झाली. जडसनने केलेल्या ब्रह्मी भाषांतराचं हस्तलिखित एका कडक उशीत शिवून वाचवलं गेलं. हे सगळं अमेरिकेत कुणालाच माहीत नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं रंगूनहून जे आलं ते म्हणजे शांतता. नियतकालिकांत अफवा, कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांतले तुकडे, अंदाज.

आता तीन तारखा लक्षात ठेवा. सगळ्या १८२६ च्या.

२४ फेब्रुवारी. यांदाबोचा तह. जडसन त्याच्या आसपासच सुटला होता. नवरा, बायको, मुलगी, तिघंही जिवंत.

२० मार्च. आपल्या नाशिक भागात. गॉर्डन हॉल, 'हार्मनी'वरचा राईसचा सोबती, दोन मुलांना बरोबर घेऊन घाटावर फिरतीला आला होता. नाशिकला पटकीची साथ भरात होती. त्याने जवळची औषधं लोकांना वाटली आणि परत फिरला. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्यालाच पटकी झाली आणि काही तासांत तो गेला. तेरा वर्षं तो मुंबईत होता, मराठी बोलायचा, लिहायचा. ज्या मराठी नव्या करारावर तो राबला तो याच वर्षी मुंबईत छापून पूर्ण झाला. त्याची बायको आधीच्याच वर्षी आजारी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली होती.

एप्रिल-मे. न्यूयॉर्क. त्रैवार्षिक परिषदेत ल्यूथर राईसची चौकशी. हिशोब तपासले गेले. समितीचा निष्कर्ष असा, की अप्रामाणिकपणा नाही, पण बेफिकिरी आहे. कॉलेज परिषदेपासून तोडलं गेलं. राईसच्या हातातलं काम काढून घेतलं गेलं.

सेलमच्या त्या बाकावरचे तीन जण. एक बेड्यांतून सुटला, एक ओसरीवर मेला, एक सभागृहात मान खाली घालून बसला. आणि यातल्या एकालाही दुसऱ्या दोघांचं त्या घडीला काहीही माहीत नव्हतं. मुंबईहून अमेरिकेला जहाज चार-पाच महिन्यांचं. ज्या दिवशी राईसवर आरोप वाचले जात होते, त्या दिवशी त्याच्या हिशोबाने हॉल जिवंत होता, आणि जडसन कदाचित मेलेला.

हे वाचलं तेव्हा मला आत्या आठवली. मी मनातल्या मनात नकाशावर तीन ठिपके ठेवले, तीन महिन्यांचे, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो.

२६ मे १८२६ ला अ‍ॅनने रंगूनहून दिराला लांबलचक पत्र लिहिलं. दोन वर्षांत काय काय सोसलं ते सगळं. हे पत्र अमेरिकेत छापलं गेलं आणि देशभर गाजलं, बाप्टिस्ट नसलेल्यांनीही ते वाचलं. पण पाच-सहा महिन्यांचा प्रवास धरा, मग छपाई, मग गावोगाव. अ‍ॅन २४ ऑक्टोबरला तापाने गेली होती. म्हणजे 'वाचली बिचारी' असं म्हणत लोक ते पत्र वाचत होते, तेव्हा ती वाचली नव्हती. जडसनला स्वतःलाही महिनाभराने कळलं. तहाच्या वाटाघाटींसाठी तो आवाला गेला होता, आणि तिथे त्याच्या हातात काळी लाख लावलेलं पाकीट पडलं.

तीन वर्षांनी अ‍ॅनचं चरित्र आलं. लेखक जेम्स नोल्स. कोलंबियन स्टारचा पहिला संपादक. तिची पत्रं छापता छापता तिच्या आयुष्याचा सगळ्यांत मोठा साठा त्याच वर्तुळात जमला होता.

पुढची दहा वर्षं

राईस थांबला नाही. पद नाही, पगार नाही, तरी गाडी जुंपून दक्षिणेत फिरत राहिला, कोलंबियन कॉलेजसाठी पैसे मागत. 'ल्युमिनरी' १८२५ मध्येच बंद पडलं होतं. 'स्टार' वॉशिंग्टनहून फिलाडेल्फियाला गेलं, नाव वाढून 'कोलंबियन स्टार अँड क्रिश्चन इंडेक्स' झालं. १८३३ मध्ये जेसी मर्सरने ते घेतलं आणि जॉर्जियात नेलं, योगायोगाने वॉशिंग्टन याच नावाच्या गावात.

तो परत का गेला नाही, यावर त्याच्या चरित्रकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तब्येत, कर्ज, कॉलेज. माझं मत सांगू? मला वाटतं कागदाने त्याला बांधून ठेवलं. रोज रंगूनबद्दल वाचायचं, बोलायचं, छापायचं. मग आपण तिथेच आहोत असं वाटायला लागतं. परदेशात राहून रोज चार मराठी न्यूज चॅनल बघणाऱ्या आणि वीस वर्षं 'पुढच्या वर्षी परत' म्हणणाऱ्या माणसाला मी ओळखतो. तुम्हीही ओळखत असाल. तो खोटं बोलत नसतो.

जडसन मात्र पूर्वेतच काम करत राहिला. त्याचं ब्रह्मी बायबल १८३४ मध्ये पूर्ण झालं. ज्याची भाषा, लोक, हवा राईसने कधीच अनुभवली नाही त्या रंगूनसाठी तो मैलोन् मैल फिरला. हे आठवलं की मॉरिशसच्या धक्क्यावरचा मार्च १८१३ मधला तो निरोप अवघड वाटतो. दोघांची परत भेट झाली नाही.

२५ सप्टेंबर १८३६ ला साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डजवळ राईस वारला. फिरतीवरच. वय ५३. घोडा, गाडी आणि सामान एवढीच मालमत्ता. शेवटचं सांगणं असं, की हे सगळं कॉलेजला पोचवा. मुंबईला गेलेल्या तिघांपैकी तेव्हा फक्त नॉट जिवंत होता. तो १८१५ मध्येच मुंबई सोडून परतला होता आणि १८६९ पर्यंत जगला. न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईतच पटकीने गेला.

जडसन १२ एप्रिल १८५० ला बंगालच्या उपसागरात, जहाजावर वारला. त्याची तिसरी बायको एमिली मौलमीनला होती. तिला कळायला चार महिने लागले.

आणि ते वॉशिंग्टनचं साप्ताहिक? 'द क्रिश्चन इंडेक्स' या नावाने ते आजही निघतं. आता वेबसाइटवर. स्थापना १८२२ असं अभिमानाने सांगतात.

पुढच्या भागात मुंबईतच राहू. गणपत कृष्णाजींनी स्वतः शाई कशी घोटली आणि पंचांग छापून लोकांना विटाळाची भीती कशी घालवायला लावली, ते बघू. तोपर्यंत तुमच्या घरात पोस्टाने उशिरा पोचलेल्या अंकाची, पत्राची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. एक मिनिटाच्या आतली, प्लीज. मागच्या वेळी एका काकांनी सतरा मिनिटांची पाठवली होती. ऐकली मी, पूर्ण. छान होती.